लहान रीफ टँकमध्ये पंप कितीही हलवला तरी तीच अडचण परत येते तेव्हा

लहान रीफ टँक (जिवंत प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी) ठेवणाऱ्यांना एक तक्रार हमखास छळते. वाळूच्या एका ठरावीक कोपऱ्यात, बहुधा खडकाच्या पायथ्याशी, तांबूस-जांभळट बुळबुळीत थर धरतो आणि त्याच्या शेजारचे हॅमर कोरल (लांब स्पर्शकांचे एक कठीण प्रवाळ) अर्धेच फुलते. पंपाचे तोंड त्या कोपऱ्याकडे वळवले की थर उडून जातो, आठवडाभर सगळे छान दिसते, आणि मग येरे माझ्या मागल्या: तोच थर त्याच जागी किंवा वीतभर अंतरावर पुन्हा येतो. दरम्यान टँकच्या दुसऱ्या टोकाच्या झोआंनी (गुच्छाने वाढणाऱ्या छोट्या मऊ प्रवाळांनी) तोंडे मिटलेली असतात. पुढचा उपाय म्हणून मोठा पंप आणला जातो, तेव्हा वाळू उडून तळाची काच उघडी पडते आणि पंपासमोरच्या प्रवाळाची ऊती सांगाड्यावरून मागे सरकू लागते.

हे चक्र थांबत नाही याची माझ्या मते दोन कारणे आहेत. पंपाच्या खोक्यावर छापलेला ताशी लिटरचा आकडा पाहून प्रवाह निवडला जातो, पण टँकमध्ये पाणी कुठून कुठे आणि किती वेगाने जाते याबद्दल तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. शिवाय आज नीट बसवलेला प्रवाह दोन-तीन महिन्यांनी तसाच उरत नाही. तो हळूहळू बदलतो आणि त्या बदलाकडे कोणाचे लक्ष नसते.

आधी कमी की जास्त, हे ठरवा

पंपाला हात लावण्यापूर्वी प्रवाह कमी पडतो आहे की जास्त होतो आहे, हे प्रवाळाकडे पाहून ठरवावे, कारण दोन्ही बाबतींत पहिले लक्षण एकच असते: पॉलिप (प्रवाळाचे तोंड आणि स्पर्शक असलेले फुलासारखे एकेक जीव) पुरते उघडत नाहीत. फरक बारकाईने पाहिल्यावरच कळतो.

प्रवाह जास्त असेल तर नुकसान एका बाजूला दिसते. हॅमर किंवा त्याच्याच जातकुळीच्या टॉर्च कोरलचे सगळे स्पर्शक एकाच दिशेला लोळलेले असतात आणि पंपाकडच्या बाजूला ऊतीची कड सांगाड्याच्या धारेवर घासून पातळ झालेली असते. काही दिवसांनी तिथेच पांढरा सांगाडा डोकावू लागतो. त्याच प्रवाळाची मागची बाजू मात्र फुगलेली आणि निरोगी दिसते. ही एकतर्फी खूण दिसली की दुसरे कारण शोधण्याची फारशी गरज उरत नाही. वाळूवरही त्याचा पुरावा मिळतो: एका जागी खळगा आणि त्याच्या पलीकडे ढीग.

प्रवाह कमी असेल तर लक्षणे सर्व बाजूंनी सारखी आणि मंद असतात. प्रवाळाच्या खाचांत करडा गाळ बसतो, स्वतःचा चिकट स्राव त्याच्या अंगावरच जाळ्यासारखा राहतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकट साय धरते. छत्रीसारखी टोपी असलेल्या लेदर कोरल या मऊ प्रवाळाच्या बाबतीत थोडा धीर धरावा, कारण ते अधूनमधून मेणचट पातळ कात टाकते आणि त्या काळात काही दिवस मिटून बसते. हा आजार नव्हे. मात्र ती कात सुटून वाहून जाण्याऐवजी टोपीवर तशीच चिकटून राहिली आणि तिच्याखाली शेवाळ धरू लागले, तर तिथे पाणी पुरेसे हलत नाही असे समजावे.

प्रवाळाला पाण्याची हालचाल लागते ती का, हे माहीत असले की ही लक्षणे वाचणे सोपे जाते. प्रवाळाच्या ऊतीलगत पाण्याचा अतिशय पातळ आणि जवळजवळ स्थिर असा थर असतो, आणि ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, टाकाऊ द्रव्ये, जे काही आत-बाहेर करायचे ते या थरातून केवळ विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, पार व्हावे लागते. बाहेरचे पाणी वेगाने हलले की हा थर पातळ होतो आणि देवघेव जलद होते. दिवसा प्रवाळाच्या ऊतीतील सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करून जो जादा ऑक्सिजन तयार करतात तो वाहून न्यावा लागतो, आणि रात्री हाच ऑक्सिजन बाहेरून आणून द्यावा लागतो. म्हणून रात्री पंप अगदी मंद करण्याची सोय कंट्रोलरमध्ये असली तरी लहान टँकमध्ये ती जपून वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रभर टँकमधला प्रत्येक जीव श्वसन करत असतो, ऑक्सिजन तयार करणारे कोणी नसते, आणि पहाटे दिवे लागण्याच्या आधी पाण्यातील ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. त्या वेळी निदान पृष्ठभाग तरी हलता राहिला पाहिजे.

ताशी लिटरचा आकडा का फसवतो

प्रचलित ठोकताळा असा आहे की मऊ प्रवाळांसाठी टँकच्या पाण्याच्या 10 ते 20 पट, हॅमर-टॉर्चसारख्या मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांसाठी 20 ते 30 पट, आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांसाठी 40 पट किंवा त्याहून अधिक पाणी दर तासाला फिरावे. सुरुवात करायला हा ठोकताळा वाईट नाही. पण लहान टँकमध्ये तो दोन बाजूंनी दगा देतो आणि ते आकडेमोड करूनच पटते.

60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 36 उंच अशी टँक घेऊ. तिची भूमितीय क्षमता सुमारे 65 लिटर; खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी 50 लिटरच्या आसपास उरते. 20 पटीच्या हिशेबाने ताशी 1000 लिटरचा पंप लागतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 278 घनसेंटिमीटर पाणी. हे पाणी टँकच्या पूर्ण छेदातून, म्हणजे 30 गुणिले 36 इतक्या क्षेत्रातून, समान पसरून गेले असते तर त्याचा वेग सेकंदाला पाव सेंटिमीटरच्या जेमतेम वर भरला असता. पंपाची धार आजूबाजूचे पाणीही ओढून नेते, त्यामुळे प्रत्यक्ष हालचाल यापेक्षा बरीच जास्त असते. तरीही सरासरी किती क्षीण आहे ते यावरून लक्षात येते. आता त्याच पंपाचे तोंड पाहू. 2 सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून हेच पाणी बाहेर पडत असेल तर त्याचा वेग सेकंदाला 88 सेंटिमीटरच्या घरात जातो. तोंड 5 सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर पाणी तेवढेच असूनही वेग 14 सेंटिमीटरवर येतो.

म्हणजे एकाच टँकमध्ये, एकाच पंपाने, एका जागी प्रवाळ सोलवटून निघेल असा झोत आणि वीतभर पलीकडे साचलेले पाणी, अशी दोन्ही टोके एकाच वेळी असतात. मोठ्या टँकमध्ये झोताला पसरून मंद व्हायला मीटर-दीड मीटर अंतर मिळते. इथे समोरची काच पन्नास सेंटिमीटरवर असते. म्हणून अरुंद तोंडाचा पॉवरहेड (पाण्यात बुडवून वापरायचा छोटा पंप) लहान रीफ टँकमध्ये मुख्य प्रवाहासाठी वापरू नये. रुंद तोंडाचा, पंख्याच्या पात्यांचा वेव्हमेकर, तोही गती कमी-जास्त करता येणारा, हाच योग्य पर्याय आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. पट तीच ठेवली तर सरासरी वेग टँकच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. 180 सेंटिमीटर लांब टँकमध्ये 20 पट प्रवाह जो सरासरी वेग देतो, तो 60 सेंटिमीटरच्या टँकमध्ये मिळवायचा तर 60 पट लागेल. मोठ्या टँकवाल्यांनी सांगितलेली पट जशीच्या तशी उचलली की लहान टँक कमी पडल्यासारखी का वाटते, याचे उत्तर यात आहे. मात्र यावरून थेट तिप्पट पंप आणू नये, कारण झोताची अडचण तशीच उभी राहते.

पाणी मोजून पाहण्याची सोपी रीत

प्रवाहमापक यंत्राची गरज नाही. प्रवाळांना देतो ते बारीक भुकटीचे खाद्य टँकच्याच पाण्यात कालवून पिपेटमध्ये घ्यावे, समोरच्या काचेवर बाहेरून मोजपट्टी चिकटवावी आणि सगळे पंप नेहमीच्या गतीवर चालू ठेवून एकेका जागी दोन-तीन थेंब सोडावेत. कण 10 सेंटिमीटर अंतर दोन सेकंदांत पार करत असेल तर वेग सेकंदाला 5 सेंटिमीटर, एका सेकंदात करत असेल तर 10. वाळूच्या लगत, खडकाच्या मध्यावर आणि माथ्यावर, अशा तीन उंचींवर, आणि खडकाच्या मागेही हे करून पाहावे.

वेगापेक्षा कणाची वाट अधिक बोलकी असते. कण सरळ रेषेत तीरासारखा गेला तर तिथे एकसुरी झोत आहे. वेडावाकडा फिरत, मध्येच थांबत, उलटा वळत गेला तर तिथे प्रवाळाला हवा तसा मिसळलेला प्रवाह आहे. आणि जागच्या जागी गोल फिरत खाली बसला तर तुमचा लाल थर कुठून येतो ते सापडले. हॅमर, फ्रॉगस्पॉन, टॉर्च यांच्या जागी कण दोन ते चार सेकंदांत 10 सेंटिमीटर जात असेल आणि स्पर्शक सगळे मिळून डोलत, पुन्हा सावरत असतील, तर माझ्या मते तिथे काही बदलू नये. मश्रूम कोरल आणि वाळूवर ठेवायची ट्रॅकिफिलिया याहून शांत जागी सुखी असतात. झोआंना मध्यम प्रवाह चालतो, लेदर कोरल त्याहून थोडा जोराचा मागते, आणि मॉन्टिपोरा किंवा ॲक्रोपोरा ठेवायचे असेल तर माथ्यावर कण सेकंदाच्या आत तेवढे अंतर कापेल, पण दिशा सतत बदलत राहील, अशी व्यवस्था लागते. हे सगळे एका 50 लिटरच्या टँकमध्ये कोंबण्याचा हट्ट हीच पुष्कळदा खरी अडचण असते. मश्रूम आणि ॲक्रोपोरा या दोघांनाही एकाच लहान टँकमध्ये समाधानी ठेवता येते, पण त्यासाठी खडकांची रचना फार विचारपूर्वक करावी लागते.

दुरुस्ती: पंपापेक्षा खडक आधी

खडकांचा ढीग मागच्या काचेला टेकलेला असेल तर कोणताही पंप त्यामागचे पाणी हलवू शकणार नाही. खडक आणि मागच्या काचेत चार-पाच सेंटिमीटरची फट ठेवावी, खालचे खडक शक्यतो तीन बिंदूंवर उभे करून त्यांच्याखालून पाणी जाऊ द्यावे, आणि भिंत रचण्याऐवजी मध्ये वाट राहील असे दोन वेगळे गट करावेत. एवढ्यानेच कित्येक टँकमधला लाल थर मोठा पंप न आणता आटोक्यात येतो. खडक हलवताना साठलेला गाळ उठतो, म्हणून हे काम पाणी बदलण्याच्या दिवशी करून गाळ त्याच वेळी नळीने ओढून घ्यावा. सगळा खडक एका दिवशी उपसू नये.

त्यानंतर पंपाची जागा ठरवावी. झोत थेट प्रवाळावर सोडायचा नाही, तो काचेवर किंवा दुसऱ्या झोतावर आपटून मोडायचा, हा मुख्य नियम. एकच पंप असेल तर तो आखूड बाजूच्या काचेवर, पाण्याच्या पातळीपासून पाच-सात सेंटिमीटर खाली बसवून समोरच्या लांब काचेकडे तिरका आणि किंचित वर रोखावा. झोत काचेला घासून पसरतो, पलीकडच्या टोकाला वळतो, तळाशी येऊन वाळूवरून परततो आणि पृष्ठभागही हलता राहतो. पंप याहून वर घेतला तर पृष्ठभागावर भोवरा तयार होऊन हवा ओढली जाते आणि सूक्ष्म बुडबुड्यांनी पाणी धुरकट दिसू लागते.

जमत असेल तर एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप समोरासमोरच्या टोकांना लावून आळीपाळीने चालवावेत. दर काही मिनिटांनी दिशा उलटली की जी जागा एका पंपाच्या सावलीत असते ती दुसऱ्याच्या वाटेत येते, आणि कोणत्याच प्रवाळाला चोवीस तास एकाच बाजूने मारा सोसावा लागत नाही. फिल्टरमधून पाणी टँकमध्ये परत सोडणाऱ्या रिटर्न पंपाच्या नळीचे तोंडही मोकळे सोडू नये. ते या दोघांच्या आवाक्याबाहेर राहिलेल्या कोपऱ्याकडे वळवावे. पंप ठरावीक लयीत चालू-बंद करून लाटा उठवणारी ठोक्याची पद्धत आखूड टँकमध्ये जपून वापरावी, कारण ठोक्याचा काळ टँकच्या लांबीशी जुळला की सगळे पाणी एका लयीत हेलकावू लागते, कडेवरून सांडते आणि काचेच्या जोडांवर नको तितका ताण येतो.

बदल केल्यावर किमान आठवडाभर काहीही हलवू नये. प्रवाळाला नव्या प्रवाहाशी जुळवून घ्यायला दिवस लागतात. पहिल्या संध्याकाळी झोआ मिटलेले दिसले म्हणून पंप पुन्हा फिरवणे हा उपाय नाही, तीच मूळ अडचण आहे. अपवाद एकच: ऊती फाटताना किंवा सांगाडा उघडा पडताना दिसला तर त्याच दिवशी गती कमी करावी.

बरे झालेले पुन्हा का बिघडते

पंपाच्या रोटरवर (आतल्या फिरत्या भागावर) आणि त्याच्या खोबणीत चुन्याचा थर आणि गुलाबी कोरॅलाइन शैवाल चढत जाते, जाळीत शेवाळाचे धागे अडकतात, आणि पंप चालू दिसत असूनही प्रवाह रोज थोडा थोडा घटतो. हा बदल इतका सावकाश असतो की नजरेला जाणवत नाही. जाणवतो तो परत आलेला लाल थर. मग कोणी पंप वळवतो, कोणी गती वाढवतो, आणि काही महिन्यांनी पंप स्वच्छ केला की तीच वाढवलेली गती एकदम पूर्ण ताकदीने प्रवाळावर आदळते. परत परत येणाऱ्या तक्रारींमध्ये हे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दर दोन-तीन महिन्यांनी पंप वीज बंद करून काढावा, रोटर बाहेर घ्यावा आणि सगळे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून किंवा सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात तासभर बुडवून ठेवावेत. खोबणीचा तळ लहान ब्रशने घासावा, कारण थर सर्वांत घट्ट तिथे बसतो, आणि मग गोड्या पाण्याने खळखळून धुवावे. पंप सुरू होताना अडखळत असेल किंवा त्याचा आवाज खरखरीत झाला असेल तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. स्वच्छ केल्यावर गती आधी कमी ठेवून दोन-तीन दिवसांत नेहमीच्या आकड्यावर आणावी.

दुसरे कारण बाष्पीभवन. 60 गुणिले 30 सेंटिमीटरच्या टँकमध्ये पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे 1.8 लिटर गोडे पाणी उडाले. 50 लिटरच्या हिशेबाने पाण्याचा खारेपणा (क्षारता) दर हजारी 35 वरून 36.3 पर्यंत चढतो. शिवाय पाच सेंटिमीटर खोल बसवलेला पंप आता चारवर आला, त्याचा झोत पृष्ठभागावर अधिक फुटू लागला आणि तळाशी परतणारे पाणी घटले. पातळी रोज, शक्यतो आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राने, एकाच खुणेवर राखली नाही तर प्रवाहही एकसारखा राहणार नाही.

तिसरे कारण प्रवाळांची वाढ. हे चांगले लक्षण असले तरी त्याची दखल घ्यावी लागते. हॅमरची दोन डोकी सहा झाली, मॉन्टिपोराची तबकडी तळहाताएवढी झाली की ती स्वतःच पाण्याच्या वाटेत उभी राहते आणि तिच्यामागे नवी निवांत जागा तयार होते. दर तीन महिन्यांनी, पंप स्वच्छ केल्यावर, कणांची तीच चाचणी पुन्हा करून आकडे लिहून ठेवावेत आणि समोरून टँकचा एक फोटो काढून ठेवावा. वाळूचे उंचसखलपण दोन फोटोंत वेगळे दिसले की प्रवाह कुठे बदलला ते लगेच कळते.

खाद्य देताना पंप दहा-पंधरा मिनिटे बंद करण्याची पद्धत चांगली आहे, पण ते आपोआप सुरू होतील अशीच सोय करावी. लहान टँकमध्ये रात्रभर बंद राहिलेला पंप मासे आणि प्रवाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

थर तरीही राहिला तर

कण सगळीकडे फिरत आहेत, पंप स्वच्छ आहे, पातळी स्थिर आहे आणि तरीही लाल थर येतो आहे, अशी स्थिती असेल तर पंपाला आता हात लावू नये. हा थर सायनोबॅक्टेरियाचा (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचा) असतो. साचलेले पाणी त्याला जागा देते, पण पोसण्याचे काम खाद्य आणि गाळ करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही तपासावेत, आणि ते चढलेले आहेत की एखादे शून्यावर उतरले आहे हे दोन्ही बाजूंनी पाहावे, कारण दोहोंचा तोल गेला की, अगदी एखादे शून्य दाखवत असतानाही, सायनो फोफावतो. थर नळीने ओढून काढावा, खडकांच्या फटींतला गाळ दर आठवड्याला पिपेटने फुंकून पाणी बदलताना बाहेर घ्यावा, आणि खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच टाकावे. थर तपकिरी, धाग्यांसारखा आणि बुडबुडे धरलेला असेल, रात्री विरळ होऊन दिव्याखाली पुन्हा दाट होत असेल, तर तो डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्म जीव) असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करावी आणि तोपर्यंत पाणी बदलून पोषकद्रव्ये आणखी खाली आणू नयेत.